गाण्याचा अर्थ लावायचा कसा? ठाण्यातल्या नव्या श्रोत्यांसाठी

ठाण्यात गाणं कानावर पडायला निमित्त लागत नाही. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळी माणसांनी फुलून जाते. गडकरी रंगायतनात नाट्यपदांचे कार्यक्रम लागतात. कोळीवाड्यात आणि आगरी गावांत हळदीची रात्र गाण्याशिवाय सरत नाही. लोकांना गाणी तोंडपाठ असतात, अगदी मधले वाद्यांचे तुकडेसुद्धा. पण 'या ओळीत नेमकं काय म्हटलंय?' असं विचारलं की बरेच जण अडखळतात. 'मस्त आहे', 'काळजाला भिडतं' एवढं म्हणून विषय संपतो. ज्या गाण्याने आपल्याला रडवलं, त्यात काय होतं हे आपल्यालाच सांगता येऊ नये, याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणून हा लेख. अर्थ लावणं शिकता येतं आणि त्यासाठी मराठी विषयातली पदवी लागत नाही. अट एकच आहे: तुम्ही जो अर्थ सांगाल, तो गाण्यातल्या कुठल्या शब्दावरून सांगताय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ही अट पाळली की उरलेलं सगळं सरावाने जमतं. खाली दिलेल्या क्रमानेच जा. विशेषतः पहिल्या दोन गोष्टी टाळू नका. त्या सोप्या वाटतात आणि म्हणूनच लोक त्या सोडून थेट 'कवीला काय सुचवायचंय' यावर उडी मारतात.

पाठ असलेलं गाणं घ्या आणि हाताने लिहून काढा

सुरुवात अवघड, गूढ गाण्यापासून करू नका. लहानपणापासून ऐकलेलं, घरात वाजलेलं गाणं घ्या. ठाणेकरांसाठी माझी शिफारस जनकवी पी. सावळाराम यांच्या गाण्यांची. त्यांचं खरं नाव निवृत्ती रावजी पाटील. ते या शहराचे नगराध्यक्ष होते, आणि त्यांची 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', 'कल्पवृक्ष कन्येसाठी' ही गाणी वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोचली. शब्द साधे आहेत. त्यामुळे शब्दकोशाशी झटापट न करता अर्थाची सवय लावता येते.

गाणं आधी नुसतं ऐका, पूर्ण, मध्ये न थांबवता. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जाता-येता एकच गाणं पुन्हा पुन्हा लावता येईल, तेवढा वेळ सहज मिळतो. मग घरी बसून ते कागदावर लिहा. मोबाइलवर शब्द शोधून वाचू नका, ऐकत ऐकत लिहा. लिहिताना जिथे हात थांबेल तिथे रिकामी जागा सोडा. या रिकाम्या जागा म्हणजे आजवर तुम्ही नुसत्या सुरावर गुणगुणत पुढे नेलेली ठिकाणं. खरं काम तिथेच आहे.

लिहून झालं की पडताळा. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर बहुतेक जुन्या मराठी गाण्यांचे शब्द, कवी, संगीतकार, राग अशी माहिती मिळते. कवितेचं गाणं झालं असेल तर कवीचा संग्रह बघा, अभंग असेल तर गाथा. कारण गायलेलं गाणं आणि लिहिलेली कविता यांत फरक असतो. चालीसाठी कडवी गाळली जातात, क्रम बदलतो, आणि अभंगात तर अनेकदा शेवटचा चरणच वगळला जातो. त्याने काय नुकसान होतं ते पुढे भारुडाच्या वेळी सांगते.

पूर्ण ऐकण्याचा आग्रह का धरते, त्याचं एक उदाहरण. ग्रेस यांची 'ती गेली तेव्हा रिमझिम पाऊस निनादत होता' ही कविता हृदयनाथ मंगेशकरांनी गायली. धृपद ऐकून असंख्य लोक हे प्रेयसी सोडून गेल्याचं गाणं समजतात आणि पावसाळ्यात तसंच ते एकमेकांना पाठवतात. पण पुढे ओळ येते, 'ती आई होती म्हणुनी'. एका शब्दाने सगळं गाणं वेगळ्या घरात जाऊन बसतं. त्याच्याही पुढे बालपण संपल्याचा उल्लेख आहे, खिडकीवरचा धुरकट कंदील आहे. म्हणजे बोलणारा तेव्हा लहान आहे. हे सगळं गाण्यातच आहे, कुठे दडवलेलं नाही. धृपदावर समाधान मानल्यामुळे ते ऐकू येत नाही, इतकंच.

कोण बोलतंय, कोणाशी, केव्हा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कागदावर लिहिलेल्या गाण्याच्या वर तीन प्रश्न लिहा: बोलणारं कोण? कोणाला उद्देशून? कोणत्या प्रसंगी? उत्तरं गाण्यातून शोधा. संबोधनं बघा ('रे', 'गे', 'बाळा', 'सखे', 'नाथा'), क्रियापदं बघा ('आले' की 'आलो'), काळ बघा. निम्मं गाणं इथेच उलगडतं.

'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' घ्या. हे शोकसभेत वाजतं आणि माणूस गेला, दैवापुढे कोणाचं चालत नाही, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हे गीतरामायणातलं गाणं. ग. दि. माडगूळकरांची गीतं आणि सुधीर फडक्यांचं संगीत घेऊन पुणे आकाशवाणीवरून 1955 साली रामनवमीपासून सुरू झालेल्या 56 गीतांच्या मालिकेतलं. बोलणारा राम आहे. ऐकणारा भरत आहे, जो वनात रामाला परत न्यायला आला आहे. वडील वारले आहेत, आणि भरताच्या मनात आईविषयी संताप आहे. आता 'दैवजात दुःखे भरता, दोष ना कुणाचा' ही ओळ पुन्हा ऐका. जग नश्वर आहे हे सांगताना राम धाकट्या भावाच्या मनातला आईवरचा राग उतरवतोय, आणि पुढे कैकेयीचं नाव घेऊन ती दोषी नाही असं स्पष्ट म्हणतोय. ज्याच्यावर अन्याय झाला तोच अन्याय करणाऱ्याची बाजू घेतोय. शोकसभेत ऐकताना हे निसटतं, कारण तिथे भरत नसतो.

नाट्यपदांना हा प्रश्न तर फारच लागतो. ज्यांच्या नावाने आपलं रंगायतन उभं आहे त्या राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधलं 'कशि या त्यजू पदाला' मैफलीत स्वतंत्रपणे ऐकलं तर भक्तिगीत वाटेल. देवाच्या पायांशी लीन झालेलं कोणीतरी. नाटकात हे सिंधू म्हणते. नवरा दारूच्या आहारी गेलाय, घराची धूळधाण झालीय, माहेरचे तिला न्यायला आलेत, आणि ती नवऱ्याचे पाय सोडून यायला नकार देते. आजच्या बाईला हे ऐकून त्रास होईल, मला होतो. पण तो त्रास व्हायलाच हवा. प्रसंग माहीत नसेल तर आपण नुसती गोड तान ऐकून घरी येतो.

बोलणारा मध्येच बदलू शकतो, ऐकणाराही. बहिणाबाई चौधरींचं 'मन वढाय वढाय' कडव्यामागून कडवं मनाबद्दल बोलतं, कोणाला उद्देशून असं काही नाही. आणि शेवटी अचानक त्या देवाकडे वळून विचारतात, 'कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं?' मनाच्या चंचलपणाची तक्रार करता करता, हे मन म्हणजे देवाला जागेपणी पडलेलं स्वप्न, इथपर्यंत त्या येऊन पोचतात. ज्याने 'कोणाशी' हा प्रश्न विचारला नाही, त्याला हे वळण दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. बोलणारं पात्र म्हणजे कवी नव्हे. ज्ञानेश्वरांच्या 'पैल तो गे काऊ कोकताहे' मध्ये बोलणारी वाट पाहणारी बाई आहे. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हा आपल्या घरातला समज. ती कावळ्याला लाच देते: तुझे पाय सोन्याने मढवीन, दुधाची वाटी तोंडाला लावीन, पण पाहुणे कधी येतील ते सांग. पाहुणे कोण, तर पंढरीराव. पुरुष संताने बाईचा आवाज घेतला म्हणजे काहीतरी लपवाछपवी आहे असं नाही. विरहिणी ही संतकाव्यातली रूढ रीतच आहे. लावण्यांतही बहुतांश शाहीर पुरुष आणि बोलणारी बाई, असंच सापडेल.

अडलेला शब्द सोडायचा नाही

कागदावरच्या रिकाम्या जागा आता भरायच्या. न कळलेला शब्द सहसा ओळखू येतो. धोका असतो कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दाचा. होनाजी बाळाची भूपाळी 'घनश्याम सुंदरा' सगळ्यांना येते. 'उठि लवकरि वनमाळी, उदयाचळी मित्र आला.' आता कृष्णाला उठवायला त्याचा सवंगडी आला, असाच अर्थ मनात येतो ना? पण मित्र म्हणजे सूर्य. उदयाचळ म्हणजे ज्या डोंगराआडून तो उगवतो तो पर्वत. डोंगरावर सवंगडी कशाला येईल, एवढी शंका घेतली असती तरी धागा सापडला असता. ओळीतला एखादा तपशील अर्थात बसत नसेल तर तो सोडून देऊ नका. तो तपशीलच सांगतो की आपला अर्थ चुकलाय.

बोलीतल्या गाण्यांसाठी एक किल्ली पुरते. बहिणाबाईंच्या खानदेशी बोलीत प्रमाण मराठीतला 'ळ' पुष्कळदा 'य' होतो. 'मियते भाकर' म्हणजे मिळते, 'आभायात' म्हणजे आभाळात. मग 'वढाय' म्हणजे ओढाळ. ओढाळ ढोर म्हणजे दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरणारं जनावर, ज्याच्या गळ्यात शेतकरी लोढणं अडकवतो. 'उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' पीक उभं आहे, म्हणजे अजून कापलेलं नाही, आणि शेतकऱ्याची मेहनत त्यात आहे. ढोर एकदा येऊन जात नाही, हाकललं तरी फिरून येतं. 'मन चंचल असतं' असा सरधोपट अर्थ सांगणाऱ्याच्या हातून हे नुकसान, ही दमछाक, हा शेतकरणीचा वैताग सगळं निसटून जातं.

शब्द कुठे शोधायचे? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. मोबाइलवर चालतात. गाथा, नाटकांच्या संहिता आणि जुने कवितासंग्रह हवे असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 सालापासूनचं. ठाण्यात राहून तिथे पाय न ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, एकदा जाऊन या. काय शोधताय ते तिथे मोकळेपणाने विचारा. चाल, प्रसंग, कवी, एवढं सांगितलं तरी माहितगार माणूस योग्य कपाटापर्यंत नेतो.

आणि काही शब्द कोशापेक्षा माणसांकडे चांगले मिळतात. 'मी डोलकर, डोलकर, डोलकर दर्याचा राजा' हे शांता शेळक्यांचं गाणं. लाटांवर डोलतो तो डोलकर, असं शहरात वाढलेल्या अनेकांना वाटतं. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात कोणाही जाणत्या माणसाला विचारा. डोल हे मासेमारीचं जाळं आहे, मोठ्या पिशवीसारखं, भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवायचं. ते लावणारा तो डोलकर. मग 'राजा' या शब्दाला वजन येतं. तो लाटेवर हेलकावे खाणारा हौशी माणूस उरत नाही, आपल्या धंद्याचं नाव अभिमानाने सांगणारा कारागीर होतो.

जाता जाता धवल्यांबद्दल सांगायलाच हवं. ठाणे, नवी मुंबई, पनवेल, रायगड या पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले म्हणते आणि त्या गाण्यांवर विधी पुढे सरकतात. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा, तिच्या धवळ्यांत रुक्मिणीच्या स्वयंवराची गोष्ट आहे. तेराव्या शतकातला तोच गीतप्रकार, नाव थोडं बदलून, आजही आपल्या शेजारच्या मांडवात जिवंत आहे. आता हळदीला डीजेचा दणदणाट असतो आणि धवलारणी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. तुमच्या ओळखीत असं लग्न असेल तर आधी यजमानांची आणि तिची परवानगी घ्या, मग एखादा धवला लिहून घ्या. शब्द आणि त्यासोबत कोणता विधी चालू होता, दोन्ही टिपा. विधी कळला नाही तर धवल्याचा अर्थ लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तो धवला म्हणजे काय ते तिच्याच तोंडून ऐका.

गाण्याची जात ओळखा

भारुडाला जो प्रश्न विचारायचा तो गझलेला विचारून चालत नाही. हे बरेच जण लक्षात घेत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भारुडात वरवरची गोष्ट एक आणि आतला विषय दुसरा असतो, आणि बहुतेक वेळा किल्ली भारुडातच ठेवलेली असते. एकनाथांचा विंचू ऐकताना सोंग घेतलेल्या माणसाच्या उड्यांवर आपण हसतो, पण 'काम क्रोध विंचू चावला' हे पहिल्या चरणातच सांगितलं आहे. उतारा विचाराल तर तोही दिलाय: तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. इथे डोकं खाजवायची गरजच नाही. 'सत्वर पाव गे मला' मध्ये मात्र किल्ली शेवटी आहे. सून भवानीला नवस करते, सासऱ्याला खपव, सासूला निर्दाळ, एकेकाला घालव. प्रेक्षागृह हसत असतं. आणि शेवटी येतं, 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला.' सगळ्या नात्यांतून सुटून एकटं उरायचं, हे भांडखोर सुनेचं मागणं राहत नाही, साधकाचं होतं. मंचावर वेळेअभावी हा चरण गाळला की उरते ती नुसती सासू-सुनेची टवाळी. शेवटचा चरण शोधाच, असं मी वर म्हटलं ते यासाठी. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांची नाममुद्राही असते ('तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'बापरखुमादेवीवरु'), आणि बोलणारा आपलं म्हणणं तिथेच आवळून मांडतो.

कूट, म्हणजे कोड्यासारख्या, अभंगाची गोष्ट वेगळी. मुक्ताबाई म्हणते, 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी.' परंपरेने याचा अर्थ आत्मज्ञानाकडे लावला जातो. नवख्यांनी 'मुंगी म्हणजे अमुक, सूर्य म्हणजे तमुक' अशी कोष्टकं करण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे. आधी ओळींतलं साम्य बघा. मुंगी सूर्य गिळते, वांझेला मूल होतं, माशी व्यायली आणि घार झाली. प्रत्येक ठिकाणी लहान, कमी लेखलेलं जे आहे त्यातून प्रचंड काहीतरी घडतं. आणि शेवटी हे सगळं पाहून मुक्ताई हसते. एवढं शब्दांतून दाखवता येतं, आणि पहिल्या वेळी एवढं पुरे आहे.

प्रतीकांच्या बाबतीत सगळीकडेच हे धोरण ठेवा. फूल हे आधी फूल समजा, गाणं स्वतः वेगळं सांगेपर्यंत. 'मोगरा फुलला' मध्ये दारात लावलेलं इवलंसं रोप आहे, फुलं वेचता वेचता पुन्हा कळ्यांना बहर येतोय, वेल गगनाला भिडलाय. इथवर अंगणातलीच गोष्ट, जरा नवलाची. पुढे 'मनाचिये गुंती गुंफियेला शेला' येतं आणि अंगण मनात शिरतं. आता तुम्हाला परवाना मिळाला. त्या आधी मिळालेला नव्हता.

गझलेत कथा शोधू नका. प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो आणि दुसऱ्या शेराशी त्याचा गोष्टीचा संबंध असेलच असं नाही. सुरेश भटांच्या 'रंग माझा वेगळा' मधला हा शेर बघा: 'कोण जाणे कोठुनी ह्या सावल्या आल्या पुढे, मी असा की लागती ह्या सावल्यांच्याही झळा.' झळ उन्हाची लागते, सावली तर उन्हापासून वाचवते. ज्याला सावलीचीही झळ लागते, त्याला आसरा कुठे मिळणार? तेवढ्या दोन ओळींवर एक संध्याकाळ घालवली तरी चालेल. सगळे शेर असे सुटे वाचून झाले की मग त्यांचा सामाईक सूर कोणता ते बघा. या गझलेत गुंतूनही मोकळा राहणारा एक 'मी' प्रत्येक शेरात जाणवतो.

चित्रपटगीतांचं फार लांबवत नाही. पडद्यावर ते कोण, कोणत्या प्रसंगी म्हणतं ते बघा, म्हणजे वरचे तीन प्रश्न सुटतात.

चाल काय सांगते

शब्द लागले की पुन्हा ऐका, आता गाणाऱ्याकडे लक्ष देऊन. कुठला शब्द पुन्हा पुन्हा घेतलाय, कुठे श्वास घेतलाय, कुठे आवाज खाली आणलाय. संगीतकार हा पहिला वाचक असतो आणि त्याने लावलेला अर्थ चालीत ऐकू येतो.

याचा सर्वांत सुंदर धडा 'कट्यार काळजात घुसली' या 1967 सालच्या नाटकात आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'घेई छंद मकरंद' हे एकच पद जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांच्या गायकीसाठी दोन वेगळ्या चालींत बांधलं. शब्द तेच: मध चाखण्यात रमलेला भुंगा. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि प्रत्येकीतला भुंगा कसा आहे ते दोन-दोन वाक्यांत लिहा. एकसारखं लिहून होणार नाही. मात्र चाल आणि शब्द यांची गल्लत करू नका. उदास चाल असलेल्या गाण्याचे शब्द उदास असतीलच असं नाही. कागद बघून खात्री करा.

किस्से जपून वापरा

लोकप्रिय गाण्यामागे एखादा किस्सा असतोच: कवीला ते स्टेशनवर सुचलं, अमक्याच्या आठवणीत लिहिलं, वगैरे. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या अशा गोष्टींवर अर्थ उभा करू नका. खरा असला तरी किस्सा गाणं कुठून आलं तेवढं सांगतो, गाण्यात काय आहे ते सांगत नाही. शिवाय शब्द कोणाचे हेच अनेकदा चुकतं. वर ज्या 'एकच प्याला'चा उल्लेख केला, ते नाटक गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची. आता 'कशि या त्यजू पदाला' चा अर्थ गडकऱ्यांच्या आयुष्यावरून लावू गेलात तर काय होईल, विचार करा.

चरित्राचा उपयोग होतच नाही असं नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी उतरवून घेतली आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आलं. हे माहीत असताना 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली' ही ओळ अंगावर येते. पण कुंकू पुसलं आणि रेषा उघडी पडली, हे सांगायला गाणं समर्थ आहे. चरित्र आधाराला आलं, जागा बळकावायला नाही.

आता स्वतः लिहा

मनात अर्थ लागला असं वाटणं आणि तो लिहिता येणं यांत अंतर असतं. गाण्याचा अर्थ सात-आठ वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यापुढे कंसात गाण्यातला तो शब्द लिहा, ज्याच्या आधारावर तुम्ही ते म्हणताय. ज्या वाक्यापुढे काही लिहिता येत नाही ते खोडा. कितीही आवडलं असलं तरी खोडा.

नमुन्यादाखल सावळारामांच्या गाण्याचं धृपद घेऊ: 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का, जा मुली जा, दिल्या घरी तू सुखी रहा.'

बोलणारं माहेरचं वडीलधारं माणूस आहे ('मुली'). प्रसंग सासरी पाठवणीचा आहे ('दिल्या घरी'). एरवी आपण डोळ्यांतून गंगा-यमुना वाहिल्या म्हणतो, इथे त्या 'उभ्या' आहेत, म्हणजे पाणी आलंय पण सांडलेलं नाही, दोघांपैकी कोणीतरी ते अडवून धरलंय. 'का' हा प्रश्न आहे, पण उत्तराची वाट न पाहता लगेच 'जा' येतं, आणि तेही दोनदा. एकदा सांगून मुलगी निघाली नसावी, किंवा सांगणाऱ्याचाच धीर होत नसावा. 'दिल्या घरी' मध्ये देणारे आपण आहोत, ही जाणीव आहे. मुलीने घर निवडलं असं इथे कोणी म्हणत नाही, आणि तरी सुखी राहण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर येते ('तू सुखी रहा').

डोळे कोणाचे, मुलीचे की बोलणाऱ्याचे? यावर दोन मतं होऊ शकतात. मला ते मुलीचे वाटतात, कारण प्रश्नानंतर लगेच तिलाच समजावणं सुरू होतं. कोणी म्हणेल, बोलणारं माणूस स्वतःच्याच डोळ्यांना विचारतंय आणि पाणी सांडायच्या आत मुलीला निघायला सांगतंय. धृपदापुरता तोही अर्थ टिकतो. मग पुढची कडवी काढायची, कोणता अर्थ शेवटपर्यंत चालतो ते तपासायचं. दोन्ही चालले तर दोन्ही लिहायचे. एकाच ओळीतला एखादा शब्द ज्या अर्थाच्या आड येतो, तो बाद.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा चार जणांत जास्त रंगतं. सोसायटीच्या गच्चीवर किंवा कोणाच्या घरी महिन्यातून एकदा जमा. एकच गाणं, प्रत्येकाच्या हातात स्वतः लिहिलेला कागद. आधी ऐका, मग प्रत्येकाने आपलं लिहिलेलं वाचा, वाद घाला, आणि उठण्याआधी पुन्हा एकदा ऐका. वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं असतील तर फारच उत्तम, कारण जातं, लोढणं, दावं हे शब्द आजीला कोशाशिवाय येतात, आणि रॅपमधल्या ओळी नातवालाच उलगडून सांगाव्या लागतात. सावळारामांच्या एक-दोन गाण्यांनंतर बहिणाबाई घ्या, मग एखादं भारुड, मग गझल. ग्रेस सगळ्यांत शेवटी.